हुलिहेए : समुद्रकांठचें एक घर

पॅसिफिक महासागराच्या मधोमध जीं हवाई बेटें आहेत, त्यांतील सर्वांत मोठ्या बेटाचें नांवहि हवाई असेंच आहे. या बेटाच्या पश्चिम किनाऱ्याच्या एका भागाला कोना म्हणतात. पाठीशीं हुआलालाई नांवाचा ज्वालामुखी पर्वत, त्याच्या पायथ्याशीं काळ्या लाव्ह्याचे खडक आणि खडकांना लागून निळें, बहुधा शांत असें पाणी, अशी या किनाऱ्याची ठेवण आहे. येथील कैलुआ गांवांत, अगदीं पाण्याच्या कडेला, एक दुमजली घर १८३८ सालापासून उभें आहे. त्याचें नांव हुलिहेए. ‘हुली’ म्हणजे वळणें आणि ‘हेए’ म्हणजे पळून जाणें, असा त्या नांवांतील शब्दांचा अर्थ आहे. घर मात्र जागचें हललेलें नाहीं.

या घराला राजवाडा म्हणण्याचा प्रघात पडला आहे. परंतु राजवाडा म्हटल्यावर जे बुरूज, जीं प्रवेशद्वारें व जे चौक डोळ्यांपुढें येतात, त्यांपैकीं येथें कांहींच नाहीं. सहा प्रशस्त खोल्या, समुद्राच्या बाजूला खालीं व वर एकेक लांब पडवी आणि भोंवतीं थोडी हिरवळ, एवढाच त्याचा पसारा. तथापि हवाईचें राज्य नव्यानें घडत होतें तेव्हांपासून तें लयाला गेलें तोंपर्यंतच्या बहुतेक साऱ्या घडामोडींचा स्पर्श या सहा खोल्यांना झालेला आहे. हें घर कसें बांधलें गेलें, कोणाकोणाच्या हातीं गेलें, एकदां अगदीं रिकामें होऊन पुन्हां कसें भरलें आणि त्याच्याच अंगणांतील दुसरें एक घर मात्र मागें कां उरलें नाहीं, हें समजून घेतलें म्हणजे ‘जुनें घर जतन करणें’ या साध्या वाटणाऱ्या शब्दांत किती गोष्टी सामावलेल्या आहेत तें कळूं लागतें.

कैलुआ हें गांव आकारानें लहान असलें तरी हवाईच्या इतिहासांत त्याचें स्थान मोठें आहे. कॅप्टन कुक हा इंग्रज दर्यावर्दी १७७८ सालीं या बेटांस पोंचला, तेव्हां तेथें निरनिराळ्या बेटांवर निरनिराळे सरदार राज्य करीत होते. त्या सर्वांना एका छत्राखालीं आणण्याचें काम कामेहामेहा नांवाच्या पुरुषानें हातीं घेतलें आणि तें १८१० सालीं पुरें झालें. या पहिल्या राजानें आपल्या आयुष्याचीं अखेरचीं वर्षें कैलुआ येथें घालविलीं व १८१९ सालीं तो तेथेंच वारला. त्याच्या मागून थोड्याच महिन्यांत एक विलक्षण उलथापालथ झाली. स्त्रियांनीं पुरुषांच्या पंक्तीस बसूं नये, अमुक पदार्थ त्यांनीं खाऊं नयेत, अमुक सरदारापुढें सामान्य माणसानें उभें राहूं नये, अशा कडक निषेधांवर तेथील समाजाची घडी बसलेली होती. या निषेधांना तेथील भाषेंत कापु असें म्हणत. नवा राजा लिहोलिहो हा कैलुआ येथें एका मेजवानींत उघडपणें स्त्रियांसमवेत जेवावयास बसला आणि त्या एका घांसाबरोबर जुनी व्यवस्था मोडली. कामेहामेहाची विधवा राणी काआहुमानु हिचा या घटनेमागें मोठा हात होता. पुढच्याच वर्षीं, १८२० च्या एप्रिल महिन्यांत, अमेरिकेंतील ख्रिस्ती धर्मोपदेशकांची पहिली तुकडी थाडियस नांवाच्या जहाजांतून याच कैलुआच्या बंदरांत येऊन उतरली. जुना धर्म मोडलेला आणि नवा अजून रुजलेला नाहीं, अशा संधिकाळीं ती आली. तिनें हवाईच्या भाषेला लिपि दिली. १८२२ सालीं त्या भाषेंतील पहिली छपाई झाली आणि १८३४ सालीं त्या भाषेंत वृत्तपत्रहि निघालें.

हुलिहेएचा जन्म या नव्या काळांतला आहे. काआहुमानु राणीचा भाऊ कुआकिनी हा हवाई बेटाचा सुभेदार होता. त्यानें जुन्या नांवाबरोबर जॉन ॲडम्स हें अमेरिकेच्या अध्यक्षाचें नांवहि धारण केलें होतें. आपल्या कारकीर्दींत त्यानें कैलुआ येथें दोन मोठीं बांधकामें समोरासमोर उभीं केलीं. पहिलें मोकुआइकाउआ हें प्रार्थनामंदिर. तें १८३७ सालीं पुरें झालें. त्यानंतर, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, पाण्याच्या कडेवर, त्यानें स्वतःसाठीं हें घर बांधलें.

दोन्ही बांधकामांची सामग्री तेथल्या भूमींतूनच आलेली आहे. भिंती लाव्ह्याच्या दगडाच्या, चांगल्या रुंद. ते दगड एकमेकांस धरून ठेवणारा चुना समुद्रांतील प्रवाळापासून केलेला. प्रवाळ भट्टींत भाजला म्हणजे त्यांतील कर्बवायु निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यांत विझवून वाळूबरोबर मळला व दगडांच्या सांध्यांत भरला, कीं हवेंतील तोच वायु पुन्हां शोषून घेऊन तो हळूहळू कठीण होतो. लांकूड कोआ आणि ओहिया या दोन झाडांचें. कोआ हा बाभळीच्या कुळांतील एक उंच वृक्ष असून त्याच्या तांबूस लांकडावर फार सुरेख झांक येते. ओहियाचें नातें जांभळीच्या कुळाशीं आहे व त्याचें लांकूड अतिशय कठीण असतें. याप्रमाणें घराचा आकार परदेशी असला, तरी त्याचें शरीर सर्वस्वीं हवाईचें होतें. पाश्चात्त्य पद्धतीच्या या दालनांत कुआकिनी परदेशी पाहुण्यांचें स्वागत करी आणि आपल्या लोकांना मोठमोठ्या मेजवान्या देई.

कुआकिनी १८४४ सालीं वारला. घर त्याच्या मानलेल्या मुलाकडे, लेलेइओहोकु याच्याकडे गेलें. दुसऱ्याचें मूल आपलें म्हणून वाढविण्याची चाल हवाईच्या सरदार घराण्यांत सर्रास होती आणि अशा मुलाचा हक्क औरस मुलासारखाच मानला जाई. लेलेइओहोकुला मात्र तें घर फार दिवस लाभलें नाहीं. १८४८ सालीं बेटांवर गोंवराची सांथ आली व त्यांत तो तरुणपणींच मरण पावला. ही एका घरची आपत्ति नव्हती. बाहेरच्या जगापासून शतकानुशतकें दूर राहिलेल्या या लोकांच्या अंगांत गोंवर, डांग्या खोकला, देवी अशा रोगांशीं झगडण्याची शक्ति नव्हती. एकामागून एक सांथी आल्या आणि गांवेंच्या गांवें ओस पडलीं. कुक आला तेव्हां जेथें कांहीं लाख माणसें राहत होतीं, तेथें १८७२ च्या शिरगणतींत परदेशी लोक धरूनहि एकंदर संख्या सुमारें ५७,००० भरली. हुलिहेएची मालकी वारंवार बदलत गेली यामागें हेंच दुःख आहे. एका घराण्यांतील माणसें पाठोपाठ नाहींशीं होत होतीं आणि दगडी भिंती मात्र नव्या वारसाची वाट पाहत उभ्या होत्या.

पुढें हें घर लेलेइओहोकुची पत्नी राजकन्या रूथ केएलिकोलानी हिच्याकडे आलें. हवाईच्या इतिहासांतील अत्यंत तेजस्वी व्यक्तींत तिची गणना होते. ती कामेहामेहाच्या वंशांतली होती. देहानें ती फार उंच व धिप्पाड होती. आवाज जबरदस्त होता. १८५५ पासून १८७४ पर्यंत ती हवाई बेटाची सुभेदार होती. सरदार घराण्यांतील बहुतेक मंडळी त्या काळांत इंग्रजी बोलण्यांत, ख्रिस्ती नांवें घेण्यांत आणि पाश्चात्त्य रीत उचलण्यांत भूषण मानीत असतां, रूथनें उलट वाट धरली. इंग्रजी ती बोलत नसे. इंग्रजीभाषी माणूस भेटीस आला तर त्यानें दुभाषा आणावा, असा तिचा दंडक होता. जुन्या देवतांविषयींचा आदरहि तिनें कधीं सोडला नाहीं.

या राजकन्येच्या मालकीचें हें दगडी घर असतांना ती त्यांत राहत नसे. पाहुण्यांना तें खुलें होतें. ती स्वतः मात्र त्याच अंगणांत बांधलेल्या गवताच्या घरांत राही. तेथील भाषेंत अशा घराला हाले पिली म्हणतात. हाले म्हणजे घर आणि पिली हें एका गवताचें नांव. असें घर बांधतांना प्रथम लांकडी खांब व वांसे उभे करीत आणि ते खिळ्यांनीं न ठोकतां दोरीनें घट्ट बांधीत. त्या सांगाड्यावर आडव्या काठ्या बांधून त्यांना पिली गवताच्या पेंढ्या एकावर एक अशा आंवळीत, कीं पावसाचें पाणी वरच्यावर ओघळून जावें. आंतल्या जमिनीवर केवड्याच्या जातीच्या हाला नांवाच्या झाडाच्या पानांच्या विणलेल्या चटया अंथरीत. जाड गवताच्या आच्छादनामुळें कोनाच्या उन्हाची झळ आंत पोंचत नसे आणि समुद्रावरचा वारा मंद होऊन येई. गवत जुनें झालें म्हणजे तें काढून नवें घालीत. म्हणजे अशा घराचें आयुष्य त्याच्या गवतांत नसून, तें पुन्हां पुन्हां शाकारणाऱ्या हातांत आणि त्या हातांना असलेल्या माहितींत असे. दगडाचें घर एकदां बांधलें कीं पिढ्यान्‌पिढ्या दुर्लक्ष सोसतें. गवताचें घर एका पिढीचेंहि दुर्लक्ष सोसत नाहीं. हा फरक पुढें फार महत्त्वाचा ठरला.

रूथविषयींची एक हकीकत हवाईमध्यें घरोघर सांगितली जाते. १८८० च्या अखेरीस माउना लोआ पर्वताचा उद्रेक झाला व लाव्ह्याचा एक प्रवाह महिनोन्‌महिने सरकत बेटाच्या दुसऱ्या टोंकाच्या हिलो शहराकडे येऊं लागला. १८८१ च्या उन्हाळ्यांत तो शहराच्या वेशीशीं येऊन ठेपला. तेव्हां लोकांनीं रूथला बोलाविलें. ती आली, त्या प्रवाहाच्या तोंडाशीं गेली आणि ज्वालामुखीची देवता पेले हिला तिनें जुन्या पद्धतीनें अर्ध्य अर्पण केलें, स्तोत्रें म्हटलीं. प्रवाह थांबला, हिलो वांचलें. लाव्हा कशानें थांबला याविषयीं शास्त्रज्ञ व श्रद्धावान यांचें एकमत होण्याचें कारण नाहीं. परंतु संकटकाळीं लोकांना कोणाची आठवण झाली, हें या हकीकतीवरून स्पष्ट दिसतें.

आयुष्याच्या शेवटीं रूथनें होनोलुलु येथें केओउआ हाले नांवाचा एक भव्य पाश्चात्त्य धर्तीचा वाडा बांधविला. तो पुरा होतां होतां ती आजारी पडली. हवापालट व्हावी म्हणून ती कैलुआला परत आली आणि २४ मे १८८३ रोजीं हुलिहेएच्या अंगणांतील त्या गवताच्या घरांतच तिनें देह ठेवला. नवा वाडा होनोलुलूला होता, दगडी घर चार पावलांवर होतें. पण अखेरचा श्वास तिनें पिली गवताच्या छपराखालीं सोडला. तिची सुमारें ३,५३,००० एकर जमीन तिच्या मृत्युपत्राप्रमाणें तिची चुलत बहीण बर्निस पाउआही बिशप हिला मिळाली. पाउआही दुसऱ्याच वर्षीं वारली. तिनें ही बहुतेक सारी दौलत हवाईच्या मुलांच्या शिक्षणासाठीं ठेवली, आणि तिच्यांतून १८८७ सालीं कामेहामेहा विद्यालयाची स्थापना झाली. त्या संस्थेच्या दौलतीचा मूळ आधार रूथकडून आलेल्या याच जमिनी होत.

यानंतर हुलिहेए राजा कालाकाउआ यानें विकत घेतलें. या राजाचा मुंबईशींहि अल्पसा संबंध आलेला आहे. १८८१ सालीं तो पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला. राज्यावर असतांना सबंध पृथ्वीला फेरी घालणारा तो पहिलाच राजा होय. उसाच्या मळ्यांसाठीं मजूर मिळविणें आणि निरनिराळ्या राष्ट्रांशीं स्नेह जोडणें हे त्याचे हेतु होते. जपान, चीन, सयाम व ब्रह्मदेश पाहून तो कलकत्त्यास उतरला, आगगाडीनें मुंबईस आला आणि तेथून बोटीनें मिसर देशाकडे गेला. पुढें त्यानें युरोपांतील राजांचे दरबार पाहिले. आपलें राज्य लहान असलें तरी त्याचा दर्जा कोणाहून कमी नाहीं, हें जगाला दिसावें अशी त्याची तळमळ होती. होनोलुलूंतील इओलानी राजवाडा त्यानें १८८२ सालीं पुरा केला, आणि त्याच दृष्टीनें हुलिहेएचेंहि रूप पालटलें. कुआकिनीच्या लाव्ह्याच्या दगडांवर बाहेरून गिलावा चढला, आंतल्या भिंती गुळगुळीत झाल्या, छताच्या कडेला नक्षीच्या पट्ट्या आल्या आणि दालनांत कांचेचीं झुंबरें लागलीं. तरीहि कालाकाउआ हा नुसता परक्यांचें अनुकरण करणारा राजा नव्हता. धर्मोपदेशकांच्या दडपणाखालीं मागें पडलेलें हुला नृत्य त्यानेंच पुन्हां दरबारांत व लोकांत आणलें, आणि हवाईचें प्राचीन सृष्ट्युत्पत्तिस्तोत्र कुमुलिपो हें त्यानेंच १८८९ सालीं छापविलें. बाहेरून युरोपीय आणि आंतून हवाईचा, असा त्याचा बाणा होता. हुलिहेएच्या गिलाव्याखालचा काळा दगड त्याची चांगली खूण आहे.

१८९१ सालीं कालाकाउआ वारला. घर त्याची राणी कापिओलानी हिच्याकडे राहिलें. दोनच वर्षांनीं, १७ जानेवारी १८९३ रोजीं, बेटांतील परदेशी व्यापारी व मळेवाले यांनीं, बंदरांतील अमेरिकन जहाजावरचे शिपाई उतरलेले असतांना, कालाकाउआची बहीण राणी लिलिउओकालानी हिला पदच्युत केलें. १८९८ सालीं अमेरिकेनें हीं बेटें आपल्या राज्यास जोडलीं. या दोन घटनांच्या मध्यें, १८९६ सालीं, शाळांतील शिक्षणाचें माध्यम इंग्रजी असावें असा कायदा झाला. ज्या भाषेवांचून दुसरी भाषा रूथनें आपल्या ओठांवर येऊं दिली नाहीं, ती भाषा शाळेच्या दारांतच अडविली गेली. एक पिढी अशी वाढली कीं तिला आजीचें बोलणें कळे, पण त्या बोलींत उत्तर देतां येईना.

कापिओलानी १८९९ सालीं वारल्यावर घर तिच्या भाच्यांना मिळालें. त्यांपैकीं राजपुत्र कुहिओ हा पुढें जवळजवळ वीस वर्षें अमेरिकेच्या लोकसभेंत हवाईचा प्रतिनिधि होता. राज्य गेलें होतें, राजघराण्याचें उत्पन्न आटलें होतें आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यांत एका जुन्या घराची डागडुजी करणें सोपें नव्हतें. १९१४ च्या सुमारास घर विकलें गेलें व आंतील सामान लिलावांत निघालें. कोआच्या लांकडाचे पलंग, कपाटें, मेजें, भांडीं, तसबिरी, सारें निरनिराळ्या घरीं पांगलें. जुन्या घराण्यांच्या वस्तु अशा रीतीनें पांगल्या म्हणजे सहसा पुन्हां एकत्र येत नाहींत. दोन पिढ्यांत ‘हें कपाट कोणाचें’ याची आठवण पुसून जाते, आणि राजाचें कपाट नुसतें कपाट होऊन बसतें.

येथें मात्र एका माणसाच्या दक्षतेनें वेगळी गोष्ट घडली. लिलावाच्या वेळीं राजपुत्राच्या चिटणिसानें प्रत्येक वस्तूला क्रमांक दिला आणि ती कोणीं विकत घेतली त्याचें नांव त्या क्रमांकापुढें लिहून ठेवलें. त्या वेळीं हा कागद नुसता हिशेबाचा होता. पुढें घराचा सर्व इतिहास याच कागदावर उभा राहावयाचा होता.

होनोलुलूंत १९०३ सालीं सात स्त्रियांनीं ‘हवाईच्या कन्या’ अशा अर्थाच्या नांवाची एक संस्था स्थापन केलेली होती. जुन्या हवाईची स्मृति व तिचा आत्मा टिकवावा, इतिहासांतील गोष्टी जपाव्या, स्थळांचीं मूळ नांवें व हवाईच्या भाषेचे शुद्ध उच्चार सांभाळावे, असे तिचे उद्देश होते. या सातहि जणी अमेरिकन धर्मोपदेशकांच्या मुली होत्या, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. ज्यांच्या वडिलांनीं येथील जुन्या चालीरीती मोडावयास हातभार लावला, त्यांच्याच मुलींना, त्याच बेटांवर जन्मून वाढल्यामुळें, त्या जगाच्या नाहींसें होण्याची हळहळ वाटली. यांत प्रायश्चित्ताचा भाग किती, प्रेमाचा किती आणि नव्या राज्यांत सुखानें नांदणाऱ्यांच्या स्मृतिविलासाचा किती, हें मोजून सांगतां येत नाहीं. हवाईच्या मूळ लोकांपैकीं कित्येकांना, आपलें राज्य गेल्यावर आपल्या राजांचीं घरें दुसऱ्यांनीं सांभाळावीं याची टोंचणी वाटली असल्यास तें स्वाभाविक आहे. पण त्या स्त्रियांनीं हात दिला नसता तर हें घर उरलें असतें असें म्हणणेंहि कठीण आहे.

१९२५ सालीं तेथील सरकारनें हुलिहेए विकत घेतलें आणि त्याचें संग्रहालय करून चालविण्याचें काम या संस्थेकडे सोंपविलें. त्या वेळीं घरांत पोकळ खोल्यांपलीकडे फारसें कांहीं नव्हतें. तेव्हां चिटणिसाची ती जुनी यादी उपयोगीं पडली. एकेक क्रमांक, एकेक नांव धरून संस्थेच्या स्त्रियांनीं खरेदीदारांचा व त्यांच्या वारसांचा शोध केला. कोणाचें मन वळविलें, कोणाकडून वस्तु देणगी म्हणून मिळविली, कोणाकडून ठेव म्हणून आणली. अशा रीतीनें पुष्कळसें सामान आपापल्या खोलींत परत आलें. कोआच्या लांकडाचें राजघराण्याचें सामान, तसबिरी, झाडाची साल कुटून केलेलें कापा नांवाचें वस्त्र, पक्ष्यांच्या पिसांचीं राजचिन्हें, अशा वस्तु आज तेथें पाहावयास मिळतात. घराच्या अंगणांत राजघराण्यांतील व्यक्तींच्या स्मरणार्थ गायन व हुला नृत्य यांचे कार्यक्रमहि होत आलेले आहेत.

जुनें घर जतन करणारांपुढें नेहमीं एक अवघड प्रश्न असतो : जतन करावयाचें तें कोणत्या वेळचें घर? हुलिहेएला हा प्रश्न विशेष तीव्रपणें लागू पडतो. कुआकिनीचें घर जतन करावयाचें तर कालाकाउआचा गिलावा खरवडून काढला पाहिजे. कालाकाउआचें करावयाचें तर कुआकिनीचा दगड झांकलेलाच राहणार. येथें कालाकाउआच्या वेळचें रूप राखण्यांत आलें. रूथचें घर मात्र या निवडींत येऊंच शकलें नाहीं. जें गवताचें घर तिनें आपलें मानलें, तें काळाच्या ओघांत केव्हांच नाहींसें झालें. ज्यांना तें शाकारतां येत होतें ते हात विरळ झाले, आणि यादींत लिहून ठेवतां येईल असें त्यांत कांहीं नव्हतें. लिलावाला गेलेलें कपाट परत आणतां येतें. लिलावाला न गेलेली विद्या तशी परत आणतां येत नाहीं.

दगडाचें घरहि निर्वेध आहे असें नाहीं. १५ ऑक्टोबर २००६ रोजीं सकाळीं या किनाऱ्याजवळ ६.७ प्रतीचा भूकंप झाला. चुन्यानें सांधलेल्या दगडी भिंती वरचा भार पेलण्यास समर्थ असतात, पण आडव्या धक्क्यानें त्यांतले दगड एकमेकांपासून सुटूं पाहतात. हुलिहेएच्या भिंतींना तडे गेले, गिलावा निखळला आणि दुरुस्तीचें काम २००९ पर्यंत चाललें. त्यानंतर दोन वर्षांनीं, ११ मार्च २०११ रोजीं जपानजवळ झालेल्या प्रचंड भूकंपाची लाट पॅसिफिक ओलांडून कैलुआच्या बंदरांत शिरली; अंगणांत व तळघरांत समुद्राचें पाणी आलें. तेंहि घर सोसून राहिलें. परंतु सर्वच घरांचें नशीब असें नसतें. शेजारच्या माउई बेटावरील लाहाइना गांव ८ ऑगस्ट २०२३ रोजीं वणव्यांत जळालें. त्यांत हजारों कुटुंबें निराधार झालीं, सुमारें शंभर माणसें मरण पावलीं, आणि १८३० नंतरच्या दशकांत बांधलेलें बाल्डविन यांचें घर, जें हुलिहेएसारखेंच संग्रहालय म्हणून राखलेलें होतें, तेंहि एका दिवसांत राख झालें. अशा वेळीं वस्तूंच्या याद्या, मोजमापें व छायाचित्रें यांची किंमत भिंतींइतकीच होऊन बसते.

रूथच्या बाजूनेंहि एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९७८ सालीं हवाईच्या राज्यघटनेंत दुरुस्ती होऊन इंग्रजीबरोबर हवाईची भाषाहि राजभाषा ठरली. १९८४ सालीं कांहीं आईबापांनीं व शिक्षकांनीं, जेथें लहान मुलांशीं केवळ हवाईच्या भाषेंत बोललें जाईल अशी पहिली बालशाळा काढली. तिच्या जातीच्या शाळांना पुनाना लेओ, म्हणजे बोलीचें घरटें, असें नांव आहे. १९८७ पासून सरकारी शाळांतूनहि या भाषेंतून शिक्षण सुरू झालें. जेथें बोलणारीं मुलें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं उरलीं होतीं, तेथें आज हजारों मुलांच्या तोंडीं ती भाषा पुन्हां आली आहे. गवत शाकारण्याची, चटया विणण्याची व कापा कुटण्याची विद्याहि कांहीं लोकांनीं जुन्या माहितगारांकडून व जुन्या वृत्तपत्रांतील वर्णनांवरून पुन्हां हस्तगत केली आहे. शंभर वर्षांपूर्वीं छापलेल्या त्या वृत्तपत्रांनीं भाषेसाठीं तेंच काम केलें, जें चिटणिसाच्या यादीनें घरासाठीं केलें.

हुलिहेए पाहून झाल्यावर पाहुणा पडवींतून खालीं उतरतो तेव्हां त्याच्या पुढें समुद्र असतो आणि पायांखालीं हिरवळ. आंतलीं दालनें कोआच्या सामानानें भरलेलीं आहेत. प्रत्येक वस्तूपाठीमागें एक क्रमांक व एक नांव आहे. बाहेरच्या हिरवळीवर कांहींच उभें नाहीं. पण ज्या राजकन्येच्या जमिनीवर एका जातीच्या मुलांचें शिक्षण चाललें आहे, ती त्याच अंगणांत जगली आणि तेथेंच मरण पावली. त्या रिकाम्या जागेची हकीकत सांगितल्यावांचून त्या भरलेल्या घराची हकीकत पुरी होत नाहीं.